शून्य सेंटिमीटर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फूटपट्टी आहे आणि सध्या मी फार चिडलेली आहे.

माझी उमेदीची वर्षं कारंज्याच्या दौलतरावांच्या साप्ताहिकात गेली. मला कोऱ्या पानावर टेकवून ते आधी गावोगावच्या बातम्यांची जागा आखत, उरलेल्या जागेत जाहिराती. वाढदिवसाच्या फोटोसाठी बातमी कापा, असं कुणी म्हटलं की ते मला टेबलावर आपटत. त्यातच माझा एक कोपरा उडाला. मला त्याचा अभिमान आहे. पुढे साप्ताहिक बंद पडलं आणि मी दहा वर्षं खोक्यात धूळ खाल्ली.

यंदा सुकेशनीने मला दौलतरावांच्या घरून मागून नेलं. जिल्ह्यातल्या स्थानिक बातम्यांची प्रकृती कशी आहे, यावर ती कॉलेजात संशोधन करते. महिनाभराचे पेपर पसरून ती रकाने मोजू लागली. तिच्या मार्गदर्शक सरांचा नियम असा, की गावाचं नाव छापलं की ती गावाची बातमी धरायची. कामरगावकडच्या एका तांड्याच्या नावावर अडतीस सेंटिमीटर भरले. सगळे एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे! शुभेच्छुकांच्या यादीत तांड्याचं नाव होतं, एवढंच. मला ना तळपाय ना मस्तक, तरी तळपायाची आग मस्तकात गेली. तक्त्यात मात्र लिहिलं गेलं, 'प्रकृती उत्तम'.

मग ती प्रश्नावली घेऊन त्या तांड्यावर गेली. बातम्या तुमच्यापर्यंत पोहोचतात का, असं तिने तिथल्या भुरीबाईंना विचारलं. शेजारी त्यांची सून चंदा बसली होती, तिला नववा महिना लागलेला. समोरच्या आरोग्य उपकेंद्राला दिवाळीपासून कुलूप होतं. भुरीबाईंनी तीनदा बातमीदाराला सांगितलं होतं. जाहिराती गोळा करणाराही तोच. पानात जागा नाही, म्हणाला.

"बातम्या तं येतेत बाई," भुरीबाई म्हणाल्या. "आमची बातमी कुठं जाते, ते काहून नाही इचारत तू?"

त्यासाठी कागदावर रकानाच नव्हता. सुकेशनीने तिथेच मला टेकवून नवी रेघ ओढली, अडतीस खोडले आणि शून्य लिहिलं. सर म्हणाले, शून्याने अहवाल बिघडतो, जुना आकडा ठेव. तिने ठेवला नाही. अहवाल सरांच्या सहीविना पडून आहे.

मित्रांनो, मला पुसून जपून ठेवू नका. मला तुमच्या गावच्या पेपरावर टेकवा आणि काय छापलं नाही ते विचारा. चंदाचे दिवस भरलेत. कुलूप तसंच आहे. आजच्या पेपरातला वाढदिवस मी आत्ताच मोजला. बेचाळीस सेंटिमीटर.