सोड्याच्या पाण्यात न गेलेला पट्टा

मित्रांनो, मी एका ब्रिटिश शिपायाचा कातडी कमरपट्टा. वय झालंय माझं, पण मला कुणी 'बिचारा' म्हटलेलं खपत नाही.

१९१४ च्या हिवाळ्यात इंग्लंडातल्या वॉल्सॉल गावी माझा जन्म झाला. तिथे घरोघरी खोगीर शिवणारे. नुकत्याच पेटलेल्या महायुद्धाला कापडी पट्टे पुरेनात, म्हणून आम्हाला घाईघाईने शिवलं गेलं. कापडी पट्टेवाले जुने शिपाई आम्हाला पाहून हसायचे. "आली बघा खोगिरं!" म्हणायचे. हसेनात का! काडतुसांच्या थैल्यांचं ओझं आम्हीही तेवढंच पेललं.

माझा धनी ईनक ट्रँटर वॉल्सॉलचाच, पंधरा वर्षं खोगीर शिवलेला. फ्रान्समध्ये तो मला नेमाने चरबी चोळायचा. घरी त्याला मुलगी झाली होती. तिचं तोंड त्याने अजून पाहिलं नव्हतं. अखेर रजा मंजूर झाली. सोमवारी निघायचं होतं.

आणि शनिवारी मोठ्या साहेबांची तपासणी आली. सार्जंट हॅडली मूळचा कापडी पट्ट्यांतला माणूस. कापड घासायचं तसंच कातडंही घासायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याने हुकूम सोडला, "उकळत्या पाण्यात सोडा टाका, पट्टे बुडवा, खसाखसा घासा आणि शेगडीपाशी वाळवा. वर पॉलिश! आरशासारखे दिसले पाहिजेत."

सगळ्यांनी पट्टे सोडले. ईनकने मला कमरेवरून काढलंच नाही.

"काय रे ट्रँटर, तुला वेगळं आमंत्रण हवं का?"

"कातडं आहे हे, सार्जंट. यातलं तेल गेलं की बिस्किटासारखं मोडेल."

"आता तू मला शिकवणार?"

"नाही शिकवत. पण बुडवणारही नाही."

त्याचा दोस्त आल्फ कानाशी लागला, "अरे गाढवा, परवा रजा आहे तुझी! पट्टा सरकारचा. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"माझ्या हातून नाही व्हायचं ते," ईनक म्हणाला. त्याने मला घट्ट धरलं होतं. मला अभिमान वाटला, अन् फार वाईटही वाटलं.

तपासणीच्या रांगेत सगळे पट्टे लखलखत होते. मी एकटा मळकट. ईनकची रजा रद्द झाली. वर पंधरा दिवस संडासाचे खड्डे खणायची शिक्षा.

महिन्याभरात पाऊस लागला. चिखलातून कूच करताना पट्टे एकामागून एक तडकू लागले. थैल्या खाली पडल्या. माणसं गुडघ्यांवर बसून चिखलातून काडतुसं वेचत होती. मी जागचा हललो नाही.

मुक्कामी हॅडली आपल्या पट्ट्याचे दोन तुकडे घेऊन आला.

"शिवशील?"

"शिवतो. पण इथून पुढे पट्टे मी सांगेन तसे राखायचे."

हॅडलीने दोन्ही तुकडे त्याच्या हाती दिले. मग म्हणाला, "बरं." दुसऱ्या दिवशी सगळ्या तुकडीला चरबीचा डबा मिळाला.

रजा मात्र तीन महिन्यांनी मिळाली. ईनक उंबऱ्यात उभा राहिला तेव्हा त्याची बायको फ्लॉरी आधी रडली आणि मग भांडली. "एका पट्ट्यापायी! तेव्हा आला असतास तर हिचं बिनदाताचं हसू पाहिलं असतंस." छोट्या लेकीने, हेटीने, ईनककडे पाहिलंसुद्धा नाही. तिने मला धरलं आणि कडकडून चावा घेतला.

"चाव गं माझे बाई, चाव!" ईनक हसत होता आणि डोळे पुसत होता. "तुझ्या बापाने राखलाय. नाही तुटायचा."

आज मी हेटीच्या नातीच्या घरी खिळ्याला टांगलेलो आहे. पाहुणे माझ्यावर गोळीची खूण शोधतात. ती नाही. कुणी म्हणतं, घासून चकचकीत करा.

मित्रांनो, वर्षातून एकदा मऊ फडक्याने मला थोडं तेल लावा, शेगडीपासून दूर ठेवा. एवढं पुरे. पण बक्कलापाशी दोन इवल्या दातांचे व्रण आहेत, ते मिटवायला जो कुणी ब्रश घेऊन येईल, त्याच्या बोटाला मी बक्कलाचा असा चिमटा काढीन की पुन्हा हात लावणार नाही!