तळघरातला मुका स्विच

मित्रांनो, मी एक जुना नेटवर्क स्विच आहे. इस्पितळाच्या तळघरात, लोखंडी कपाटाच्या तिसऱ्या खणात मी बारा वर्षं काढली. लॅबमधले तपासणीचे रिपोर्ट वरच्या मजल्यांवरच्या संगणकांकडे धाडायचे, हे माझं काम. नवा होतो तेव्हा लोक म्हणायचे, "या पठ्ठ्याकडे बघावंच लागत नाही." पुढे खरंच कोणी बघेनासं झालं. माझा पंखा धुळीनं जाम झाला.

मग दोष शोधणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्राम आला. तो दर मिनिटाला आम्हा तीनशे यंत्रांची विचारपूस करायचा. माझ्या शेजारचा नवा स्विच सगळं सांगायचा : किती तापलोय, किती माहिती आली, किती वाटेत गळाली. माझी घडण जुनी. मला एकच उत्तर देता यायचं, "चालू आहे."

उन्हाळ्यात मी तापलो आणि माझ्या हातून रिपोर्ट गळू लागले. माझ्याकडून ते शेजाऱ्यामार्फत वर जायचे; त्याच्याकडे ते अर्धवटच पोचायचे, म्हणून तो बिचारा तक्रार करायचा. प्रोग्रामनं तक्रार करणाऱ्यालाच दोषी ठरवलं. नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईंनी त्याला काढून भंगारात दिलं आणि त्याच्या तारा मलाच जोडल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला सगळं कळत होतं, सांगता येत नव्हतं.

दोनच दिवसांनी शस्त्रक्रिया विभागातल्या सिस्टर धापा टाकत कपाटापाशी आल्या.

"ताई, लॅबनं रक्ताचा रिपोर्ट पाठवलाय म्हणे. वर पोचलाच नाही. बाई टेबलावर आहेत, डॉक्टर खोळंबलेत."

"पण प्रोग्राम तर सगळं ठीक दाखवतोय."

"मग त्यालाच सांगा चार जिने चढायला."

सिस्टर शेजारच्या लॅबमधून कागद घेऊन धावल्या. दुसऱ्या जिन्यावर त्यांचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. दुसऱ्या हातानं त्यांनी कागद वॉर्डबॉयकडे दिला, "आधी हा पोचव, मग माझ्याकडे ये." त्या बाई वाचल्या. सिस्टरांचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता.

संध्याकाळी ताईंनी कपाटातल्या एकेका यंत्राला हात लावून पाहिला. माझ्यावर ठेवलेला हात झटकन मागे घेतला.

"अरे, तू एवढा भाजतोयस," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मी त्या दुसऱ्याला काढलं."

आता मी अडगळीत आहे. शेजारी कुठल्या ढिगात गेला, मला माहीत नाही. त्याची माफी मागायलाही मला तोंड नाही.

मित्रांनो, प्रोग्रामला जरूर विचारा. पण सगळ्यांनाच त्याला सगळं सांगता येत नाही. जो कुरकुरतो त्याच्यावर लगेच खापर फोडू नका, आणि जो गप्प आहे त्याच्यापाशी अधूनमधून स्वतः जाऊन या.