कोमट पाण्याचा तांब्या

धोंडुबाईंच्या गालाच्या कॅन्सरला किरणं देऊन दीड वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून त्यांची सून क्रांती धड झोपली नव्हती. नवरा फौजेत, ऊस तोडणीला आलेला, गोठ्यात दोन म्हशी, आणि वर दर दोन महिन्यांनी सासूला घेऊन पलूसहून कराडला दातांच्या डॉक्टरांकडे खेटे. किरणांनी तोंडातली लाळ आटली की दात भराभर किडतात, आणि किडलेला दात उपटायचीही चोरी. जखम भरत नाही, जबड्याचं हाड नासत जातं. म्हणून डॉक्टरांनी जास्त फ्लोराइडची पेस्ट दिली होती. उरलेले नऊ दात जपायचे, एवढंच काम. तेवढंही होईना.

त्या दिवशी डॉक्टर वैतागलेच. पेस्ट लावल्यावर अर्ध्या तासाने बाटलीत धरलेली थुंकी त्यांनी मागच्या खेपेला तपासायला पाठवली होती.

"लाळेत फ्लोराइड टिकतच नाही. पेस्ट लावल्यावर चूळ भरता का? पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी, नुसतं थुंकायचं. पाणी घेतलं की सगळं वाहून जातं, मग लावून न लावल्यासारखंच."

पहिल्या दिवशी डॉक्टर हे सांगत होते तेव्हा क्रांती मेडिकलात पेस्ट आणायला गेली होती. आणि रोज पहाटे पाचला उठून, पाणी कोमट करून, चिमूटभर मीठ घालून तांब्या सासूच्या हातात देणारी तीच होती. पेस्ट थुंकली रे थुंकली की लगेच. वर दहा चुळा मोजायची, कारण तोंड खळखळून धुतल्याशिवाय या घरात कुणी चहालासुद्धा शिवत नसे.

ती तोंड उघडणार तोच धोंडुबाई म्हणाल्या, "मीच भरत हुते, डॉक्टर. सून नगं म्हणायची, मीच आईकलं न्हाई."

मग डॉक्टरांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. दोन दात मुळापर्यंत गेले होते. खरं बोलायचं त्राण क्रांतीत उरलं नव्हतं, आणि याची तिला मनस्वी लाज वाटली.

एसटी स्टँडच्या बाकड्यावर तिला रडू कोसळलं. "आत्ती, डॉक्टरांनी तुमाला सांगितलं हुतं, तर मला का न्हाई सांगितलंसा?"

"कसं सांगू? डोळं उघडत नसत्यात तुझं, तरी चुलीम्होरं बसून पाणी तापवतीस. त्ये तुझ्यादेखत मोरीत ओतू व्हय?"

"दोन दात गेलं की वं."

"जाऊ देत."

पलूसची गाडी लागली. मग क्रांतीने पदराने तोंड पुसलं. "उद्यापास्नं पाणी तापवायचं न्हाई मी. साडेपाचला उठते."

"सहाला ऊठ," धोंडुबाई म्हणाल्या.