शालीचा आडोसा

एव्हरेस्टच्या वाटेवरचं लोबुचे नावाचं गाव मागं टाकून थोडं चाललो असू, तोच माझी धाकटी जाऊ भाग्यश्री भिंतीला टेकावं तशी हवेला टेकली. मी धरली म्हणून वाचली.

"काय झालं गं?"

"मी बरी शे."

मी तिचं तोंड माझ्याकडं वळवलं. तिचं माहेर नामपूरचं, पण लग्न होऊन नाशकात आली आणि अहिराणी तिनं तिकडंच ठेवली. आमच्याशी बोलताना चुकूनही 'शे' नाही. ओठ निळे पडलेले, नजर माझ्या पलीकडं कुठंतरी. एव्हरेस्टचा बेस कॅम्प त्याच दिवशी गाठायचा होता, आणि ही मला ओळखते की नाही तेच कळेना.

आमच्या वाटाड्यानं, पासांगनं, तिला सरळ चालून दाखवायला सांगितलं. ती दारू प्यायल्यासारखी वाकडी गेली.

"पानी कितना पिया?" विरळ हवेत पाणी कमी पडलं की उंची बाधते, असं तो रोज बजावायचा.

मी तिची बाटली उचलली. पहाटे भरलेली, तशीच्या तशी. वर बर्फाची साय.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नामपूरच्या एसटीत बसायचं म्हटलं की आम्ही बायका आदल्या संध्याकाळपासूनच पाणी तोडतो. वाटेत उतरणार कुठं? तीच अक्कल बाईनं हिमालयात आणली होती. इथं तर झुडूपसुद्धा नाही, आणि आम्ही दोघी सोडून सगळे बाप्ये. ब्रह्मगिरी चढून सराव केला, नवे बूट घालून घालून मऊ केले, पण हे एकमेकींना विचारायचं काही सुचलं नाही.

"नीचे. अभी," पासांग म्हणाला. "ऊपर गयी तो..."

त्यानं तिची सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"वहिनी, तुम्ही तरी चला," गटातले सहादूभाऊ म्हणाले. "एवढ्या लांब येऊन!"

"दगडच ना तिथं? ते आपल्या नाशकाच्या अंजनेरीवर पण आहेत."

बाकीचे दुसऱ्या वाटाड्यामागं वर गेले, आम्ही तिला घेऊन खाली वळलो. एका बाजूनं पासांग, एका बाजूनं मी. दर वळणाला तिच्या तोंडाला कोमट पाण्याचा घोट लावायचा. पहिले दोन तिनं ओकून टाकले. डोळे मिटायला लागली की मी ओरडायचे, "भाग्यश्री, आपल्या शेवंतीच्या वाफ्याला पाणी कधी सोडायचं गं?" घरी तिची दोन लेकरं वाट बघत होती. त्यांच्यासमोर एकटी उभी राहिलेली मी मला दिसायला लागले, आणि तोंडानं रामरक्षा, तीही निम्मी विसरलेली.

दुपारी नदीकाठी उतरलो. तिच्या ओठांचा निळा रंग ओसरला होता. ती एकदम थांबली. मी तिचा दंड घट्ट धरला.

"ताई," ती हळूच म्हणाली, "मला लघवीला लागलीये."

मी मटकन खाली बसले आणि रडले. मग उठले, पासांगला पुढं पिटाळलं, अंगावरची शाल काढून दोन्ही हातांनी ताणून धरली. वारा ती हिसकावत होता.

"ताई, कुणी बघत नाही ना?"

"अख्खा हिमालय बघतोय. तू बस निवांत."