म्हणे मासा सोडला!

मी होडी बोलतेय. बोलतेय कसली, भांडायलाच उभी आहे. धक्क्याला बांधून ठेवलेल्या बाईला दुसरं कामच काय? येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायचं आणि कोणाच्या घरी आज काय शिजतंय, याचा अंदाज घ्यायचा.

माझी फळीन्‌फळी मालकाच्या वडिलांनी जोडली. वीस वर्षं मी जाळं वाहिलं. मी दिसले की मालकीणबाई टोपली घेऊन धक्क्यावर हजर. मग मोठे ट्रॉलर आले, किनाऱ्यालगतचं पाणी खरवडून गेले. आमचं जाळं रिकामं यायला लागलं. मालकाने मला पांढरा रंग दिला, गाद्या टाकल्या आणि हौशी गळवाल्यांना फिरवू लागला. मी तेही सोसलं. घर चालायला हवं ना!

पण या मंडळींचा एक नियम. मासा पकडायचा, फोटो काढायचा, परत सोडायचा.

गेल्या आठवड्यात एका साहेबांनी खोल पाण्यातून चांगला कमरेएवढा मासा ओढला. इतक्या खालून झटकन वर आणला की त्याचं पोट फुगतं, खाली जाताच येत नाही. धक्क्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. साहेबांनी त्याला मांडीवर घेऊन बारा फोटो काढले, पाण्यात सोडला, वर टाळ्या!

"जा बाळा, जग!"

बाळ उताणं तरंगत होतं.

मालक म्हणाला, "साहेब, हा जगत नाही. घेऊ का वर? चार घरं जेवतील."

"नियम म्हणजे नियम! आम्ही निसर्गप्रेमी माणसं. उचललात तर उद्यापासून दुसरी होडी बघू."

मालकाचा हात सुकाणूवर घुटमळला. मग त्याने मला गर्रकन वळवलं आणि मासा आकडीने उचलून माझ्या पोटात टाकला.

धक्क्यावर मालकीणबाईंनी विचारलं, "साहेब का हो तोंड फुगवून चाललेत?"

"मासा मेलेला त्यांना चालत होता. आपण खाल्लेला चालत नाही."

"मग जाऊ देत की! सुरी आणा."

तेव्हापासून एक गिऱ्हाईक नाही. साहेबांनी सगळीकडे सांगितलंय, या होडीवाल्याला दयामाया नाही. ऐकलंत? याला नाही!

गाद्या उन्हात तापतायत. मालक रोज येऊन माझ्यातलं पाणी उपसतो आणि परत जातो. माझा नुसता जळफळाट होतो.

या ना, खुशाल या, गळ टाका. पण जे माराल ते खा. खायचं नसेल तर किनाऱ्यावर बसून समुद्र बघा. तोही फोटोत छान येतो.