धक्क्यावर एकटे साहेब

 खाडीकाठच्या तळेखोल गावातलं कमळाताईंचं छोटं रेडिओ केंद्र सरकारी अनुदानावर चालायचं. हे अनुदान पुढे द्यायचं की बंद करायचं, हे ठरवायला आज रत्नागिरीहून साहेब येणार होते. केंद्र बंद पडलं तर दोन्ही काठांना कोण काय सांगणार, हा विचार त्यांची पाठ सोडत नव्हता.

साहेब उगवले ते दुपारी, पिकल्या रातांब्यासारखे लाल होऊन. जीप त्यांना सकाळीच पलीकडच्या धक्क्यावर सोडून गेली आणि दुपारपर्यंत होडी काही आलीच नाही. ते ऐकून कमळाताईंनी कपाळावर हात मारला. इंजिन बिघडलंय, होडी दुपारी सुरू होईल, हे त्यांनीच सकाळी घसा फोडून रेडिओवर सांगितलं होतं. साऱ्या जगाला कळलं असं समजून बाई निर्धास्त राहिल्या आणि साहेबांना फोन करायचं साफ विसरल्या. आता अनुदानाचं काही खरं नव्हतं.

पन्हं पिऊनही साहेबांचा पारा उतरेना. मोबाईलच्या जमान्यात तुमचा रेडिओ ऐकतं कोण, असं त्यांनी फटकन विचारलं. नाहीतरी सगळं गेलंच आहे, मग भ्यायचं कशाला, म्हणून कमळाताईंनीही उलट विचारलं, "साहेब, धक्क्यावर तुमच्यासंगती कोन होता?"

"कुणी नाही. चिटपाखरूसुद्धा नव्हतं."

"आनि होडी सुटायच्या टायमाला?"

साहेबांना आठवलं. होडी लागायच्या जरा आधी टोपल्या आणि पोरंबाळं घेऊन माणसांची अशी झुंबड उडाली होती, की त्यांना बसायला जेमतेम जागा मिळाली.

"ती सगली आमची आयकनारी."

साहेबांना हसू आलं, पण साहेबच ते. पैशांसाठी सरकारच कशाला, ज्याच्या होडीनं आलो त्या सदूशेठची जाहिरात का घेत नाही, असं त्यांनी विचारलं.

"देत होता की. पन अट घातलान, होडी बंद असली तर रेडिओवर सांगायचा नाय. मंग आज सगला गाव तुमच्यासंगती उन्हात उभा रवला असता."

साहेबांनी भाजलेल्या मानेवरून हात फिरवला आणि अनुदानाची शिफारस आजच पाठवतो म्हणाले. कमळाताईंना इतका आनंद झाला, की साहेबांसाठी भरलेला पन्ह्याचा दुसरा पेला त्यांनी स्वतःच पिऊन टाकला.

निघताना साहेबांनी परतीच्या होडीची वेळ विचारली. कमळाताई सांगणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला आणि माइककडे बोट दाखवलं.

"मला एकट्याला नको. सगळ्यांनाच सांगा."