झडप उशिरा उघडली

ठकीच्या बाबांचा उभा जन्म चढणीच्या शर्यतींत गेला. त्यांच्या गाडीला सुपरचार्जर होता: इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा, पाय दाबला की लगेच हवा कोंबणारा. ठकी स्वतः इंजिनं ट्यून करायची. तिने हट्टाने जोडीला टर्बो बसवला. तो धुराच्या जोरावर फिरतो, म्हणून उशिरा जागा होतो. पण जागा झाला की आवरत नाही. दोघांच्या मध्ये एक झडप होती. टर्बोने जोर धरला की ती उघडायची आणि सुपरचार्जर बाजूला व्हायचा.

"एका स्वयंपाकघरात दोन सुना," बाबा हसले होते. "भांडल्या म्हणजे?"

"मी आहे ना मध्ये!"

शर्यतीच्या सकाळी बाबा हातमोजे चढवत होते, तेव्हा ठकीने लॅपटॉपवरून झडप उघडण्याची वेळ पुढे ढकलली. दोघांनी क्षणभर मिळून हवा कोंबली तर गाडी चढावर उडेल, असा तिचा होरा. बाबा नको म्हणाले असते, म्हणून तिने त्यांना सांगितलंच नाही.

मधल्या वळणानंतर इंजिन खडखडलं, धुराचा लोट उठला आणि गाडी कठड्याला घासत थांबली. ठकी धावत पोचली तेव्हा बाबा स्वतःच बाहेर येत होते.

"गिअर टाकायला उशीर झाला माझ्याकडून," हेल्मेट काढत ते म्हणाले. "वाट लावली गं मी इंजिनाची."

ठकीने तोंड उघडलं. तेवढ्यात बाबांचे शर्यतीतले दोस्त येऊन पोचले. "जाऊ द्या," ती एवढंच म्हणाली. "लागलं नाही ना कुठे?"

ठकीने एकटीने इंजिन खोललं तर पिस्टन वितळलेला. एवढा दाब तिनेच दिला होता. गिअरचा काही संबंध नव्हता. तरीही ती गप्प राहिली. आज सांगू, उद्या सांगू.

इकडे बाबा भेटेल त्याला सांगत सुटले, "आता वय झालं माझं." डोळे तपासून आले. डॉक्टरांनी काही दोष नाही म्हटलं, तर त्यांचा विश्वास बसेना.

"गाडीची किल्ली माझ्याकडे दिलीय," आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "रस्ता ओलांडताना माझा हात धरतात गं. असे कधी नव्हते हे."

ठकी ताटावरून उठली आणि गॅरेजमध्ये गेली. बाबा आपले पाने पुसून खोक्यात भरत होते, कुणाला तरी देऊन टाकायला.

"बाबा, गिअर चुकला नव्हता. झडपेची वेळ मी बदलली होती. तुम्हाला न सांगता."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

"तेव्हाचं नाही विचारत. नंतर का नाही?"

ठकी खोक्यातले पाने काढून परत फळीवर मांडायला लागली.

"इंजिनाचं काय, दुसरं बांधता येतं," बाबा म्हणाले. "मी रोज स्वतःला भंगारात काढत होतो. आणि तू समोर बसून मला भाजी वाढत होतीस, ठके."

ती रडली. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या दोस्तांकडे गेली आणि चूक आपली होती हे सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी हसलं, कुणी "होतं असं" म्हणालं. बाबांनी बरेच दिवस कामापुरतंच बोलणं ठेवलं. इंजिन मात्र दोघांनी मिळूनच बांधलं. झडपेची वेळ बाबांनी शेजारी उभं राहून लावून घेतली.

चाचणीला तेच चालवायला बसले, ठकी बाजूला. चढ सुरू झाला. सुपरचार्जरची शीळ विरत गेली, टर्बोने अलगद भार उचलला. कुठे धक्का नाही की खडखडाट नाही. इतकं सुरेख जमलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

मग वळण आलं आणि बाबांनी पाय उचलला. खूपच आधी.

"रस्ता मोकळा आहे, बाबा."

"दिसतंय मला," ते म्हणाले.

पाय पुन्हा दाबला गेला नाही. ठकी खिडकीबाहेर बघत राहिली.